लोटनभाऊ आमच्याच बाजूचे

८ फेब्रुवारी

गाळा पाहिला. विसरवाडीत हायवेलाच आहे, एसटी थांबते तिथून थोडा पुढे. समोर ट्रक उभे करायला ऐसपैस जागा, मागे दोन खोल्या आणि अंगणात कडुनिंब. पाहताक्षणी मी मनातल्या मनात चूल मांडली. इथे बट्ट्या भाजायच्या, इथे शेवभाजीची कढई, इथे हात धुवायचं पाणी. धानोऱ्याला घरोघर मास्तरांचे डबे पोचवून माझ्या चपला झिजल्या. आता लोकांनी चालत माझ्याकडे यावं. वरण-बट्टी माझ्यासारखी अख्ख्या तालुक्यात कुणाला जमत नाही, हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना आठवण करून देते.

गाळा मगनकाकांचा. तिथे त्यांचं ऑइल-ग्रीसचं दुकान आहे, पण आता त्यांना मुलाकडे सुरतला जायचंय. गाळा मला दाखवला लोटनभाऊंनी. लोटनभाऊ प्रकाशा गावचे, म्हणजे माझ्या माहेरचे. आधी बैलबाजारात दलाली करायचे, आता जागांची करतात. कार्डावर 'इस्टेट एजंट' छापलंय, पण खांद्यावरचं उपरणं अजून बैलबाजारातलंच.

परत येताना टेम्पोत आमच्या ह्यांनी तोंड उघडलं. हे म्हणजे राजेंद्रराव. नंदुरबारला दुधाचा टेम्पो चालवतात आणि बोलण्याची फार काटकसर करतात. म्हणाले, "तो लोटन कोना माणूस शे? आपला का त्यासना?"

मी म्हटलं, "मन्हा माहेरना शे. मंग कोना ऱ्हाई?"

काही लोकांना प्रश्न विचारायचेच म्हणून विचारायची सवय असते.

१० फेब्रुवारी

लोटनभाऊ चहाला आले होते. बोलता बोलता माहेरचा विषय निघाला. आई-बाबा गेले, भाऊ नाही, प्रकाशाच्या घराला कुलूप. हे मी सांगितलं तशी ते म्हणाले, "ताई, आते भाऊ नही असं म्हनू नको. मी शे ना." मी डोळ्याला पदर लावला. माणूस ओळखावा तर मी!

मग भावाजवळ काय लपवायचं? सगळं सांगितलं. साठवलेले, भिशीचे, ह्यांचे, सगळे धरून माझी झेप अठरा लाखांपर्यंत. अगदीच अडलं तर आईच्या पाटल्या आहेत. त्या मोडल्या तर ओढूनताणून वीसपर्यंत जाईन. पण त्या मोडायच्या नाहीत, आईची तेवढीच खूण उरलीय. हे त्यांना परत परत सांगितलं. सासूबाईंनी आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, मुदत दिलीय, तोवर हॉटेल उभं राहिलं नाही तर पैसा ह्यांच्या नव्या टेम्पोत जाणार, हेही सांगितलं. कडुनिंबावर माझा जीव जडलाय, तेही सांगून टाकलं.

लोटनभाऊंनी एकेक शब्द मन लावून ऐकला. इतकं ऐकून घेणारा पुरुष मी आमच्या घरात पाहिलेला नाही.

१७ फेब्रुवारी

चमत्कारच म्हणायचा! मगनकाकांनी किंमत सांगितली, वीस लाख. एक रुपया कमी नाही, एक रुपया जास्त नाही. मी पाटल्या मोडून जिथवर जाऊ शकते, बरोबर तिथवर. जगात किती जागा, किती किमती, आणि आकडा नेमका हाच यावा, याला योग म्हणतात.

माणूस मनकवडाही आहे. म्हणाले, "बेन, झाडना पैसा मी लावेल नही, पन असं झाड हायवेले सापडनार नही." मी झाडाबद्दल एक शब्द काढला नव्हता! वर म्हणाले, "आखाजीना पहिले चालू करनं ऱ्हाई तर जास्त इचार करू नका." माझ्या अंगावर काटाच आला.

टेम्पोत बसल्यावर हे हसले. काय झालं विचारलं तर म्हणाले, गिअर अडकत होता.

२३ फेब्रुवारी

झोप उडाली. कपाट उघडते, पाटल्या हातात घालते, काढते, परत ठेवते. आई त्या घालून दळण दळायची, आतली बाजू घासून गुळगुळीत झालीय. मोडायला गेले तर सोनार वजनात घट धरणार.

लोटनभाऊंना फोन केला. ते म्हणाले, "ताई, पाटल्या परत करता येतीन. हायवेना गाळा परत नही भेटाव." बोलण्यात तथ्य आहे. त्यांना म्हटलं, मगनकाकांना जरा खाली ओढा ना. म्हणाले, "मी तर वढीच ऱ्हायनू, पन म्हातारा हलस नही." बिचारे माझ्यासाठी किती झिजतात.

१ मार्च

आज सौद्याची बैठक होती.

लोटनभाऊ बैलबाजाराच्या रीतीने सौदा करतात. तोंडाने आकडा बोलायचा नाही. दलाल मधे बसतो, उपरण्याखाली एका हाताने विकणाऱ्याची बोटं धरतो, दुसऱ्या हाताने घेणाऱ्याची. बोटं दाबून आकडे सांगायचे. चारचौघांना काही कळत नाही, आणि मला आज कळलं की त्या दोघांनाही एकमेकांचं काही कळत नाही. कळतं ते मधल्याला.

मी बाईमाणूस, म्हणून माझ्याऐवजी ह्यांचा हात उपरण्याखाली गेला. ह्यांना गुदगुल्या फार. लोटनभाऊंनी बोट दाबलं की हे खांदे उडवून मान हलवत, आणि ती मान होकारात धरली जात होती. मला बघवेना. मी आत जसोदाबेनजवळ गेले. जसोदाबेन म्हणजे मगनकाकांची बायको. ठेंगणी, हसरी, चहात आलं जास्त घालणारी.

ती म्हणाली, "लोटन शे म्हनीसन आम्हले काळजी नही. मन्हा मामाना गावना शे. राखी बांधस मी त्याले."

मामाचं गाव कोणतं विचारलं. प्रकाशा!

मला जरा कसंतरीच झालं, पण भाऊ एका बहिणीवर थोडाच थांबतो, असं म्हणून मी कपबशी उचलली. तेवढ्यात तिची नजर माझ्या हातावर गेली. कौतुकाने मनगट धरून म्हणाली, "याच का त्या पाटल्या? माय वं, नक्षी तर देख! मोडानं जिवावर येत व्हई ना?"

चहा बशीत सांडला.

बाहेर आले तर उपरण्याखाली वीस पक्के व्हायला आले होते आणि हे गुदगुल्यांनी लाल झाले होते. मी मोठ्याने म्हटलं, "सासूबाईस्ले इचारीसन सांगस." लग्नाला इतकी वर्षं झाली, सासूबाईंना विचारायची गरज मला पहिल्यांदा पडली.

२ मार्च

लोटनभाऊंना बोलावून घेतलं. चहा दिला नाही. सरळ विचारलं, "भाऊ, तू कोना बाजूना?"

ते दचकले नाहीत, लाजले नाहीत. म्हणाले, "दोन्ही बाजूना. दोन टक्का तुन्हा, दोन टक्का त्यासना. बैलबाजारमा दलाल कोना ऱ्हास? सौदाना ऱ्हास."

"मन्ह्या पाटल्या त्यासले काबरं सांग्यात?"

"त्यासनी इचारं, बाई कोठपावत सरकी. मी सांगं. तू इचारं नही, मी लपाडं नही."

"पन तू तर भाऊ म्हने!"

"भाऊ शेच ना. भाऊनी दलाली लेवानी नही, असं कोठे लिखेल शे?"

आणि वर चहा मागितला. मला इतका संताप आला की मी चहा केला, साखर घातली नाही, आणि तो त्यांनी आवडीने प्यायला.

ते गेल्यावर खूप रडले. अठरा आणि वीसचं सोडा. मला वाटलं होतं, या जगात माझ्या माहेरचं एक माणूस माझ्या बाजूने उभं आहे. ते उभं होतं खरं, पण बरोबर मधे. यात खरं तर त्यांची चूक कुठे हेही नीट सापडेना, म्हणून आणखी रडले.

हे भाकरी खाता खाता म्हणाले, "त्याना पोटमा काही ऱ्हास नही ना? मंग तठे पोचाडनं ऱ्हाई तेच टाक त्याना पोटमा."

हा माणूस इतकी वर्षं गप्प बसून विचार करत होता की काय?

५ मार्च

टाकलं.

लोटनभाऊंना चहा दिला, साखरेचा. मग मोठा उसासा सोडला आणि म्हटलं, आता गाळ्याचं काही खरं नाही. पाटल्या गेल्या. माझी शहाद्याची नणंद कोकिळाताई, तिच्या रिनाचं लग्न ठरलं, मुलीला घालायला काही नव्हतं, मी आईच्या पाटल्या काढून दिल्या. आता माझ्याजवळ फार तर सतरा. त्यात मगनकाका बसत नसतील तर राहू द्या, धानोऱ्यातच टपरी टाकीन. आणि भाऊ, हे तुमच्या-माझ्यात बरं का, तिकडे बोलू नका.

"नही नही," म्हणाले, आणि चहा अर्धा टाकून उठले.

पाटल्या गव्हाच्या कोठीत दडवल्या होत्या. खोटं बोलताना माझी नजर सारखी कोठीकडे जात होती, पण पुरुषांना असलं दिसत नाही.

८ मार्च

सतरा! मगनकाका सतराला तयार! इसारपावती झाली. पाटल्या वाचल्या, गाळा मिळाला, मी घरभर नाचले. सासूबाई म्हणाल्या, "व्हई गयं ना? आते पाय धू." त्यांच्या भाषेत हे अभिनंदन.

दुपारी जसोदाबेनचा फोन आला. म्हणाली, "लोटननी सांगं. पोरगीना लगनले मायन्या पाटल्या दिध्यात तू. मी ह्यासले म्हनं, अशी बाईजोडे भाव करानं पाप शे, सतरामा दी टाका."

फोन ठेवल्यावर माझं नाचणं थांबलं. मी त्यांना फसवायला गेले आणि त्यांनी माझी किंमत वाढवून ठेवली. जेवण गेलं नाही.

११ मार्च

आता हे ऐका. शहाद्याहून कोकिळाताईचा फोन. "वहिनी, लोटनभाऊ बसमा भेटना व्हता. मले माहीतच नव्हतं वं! तुन्हं इतलं मोठं मन! पाटल्या कवय लई येशी?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे बाजूलाच होते, पण टेम्पोला पाणी मारायला निघून गेले. शेवटी पाटल्या गाळ्यापायी मोडल्या असं सांगितलं आणि रिनासाठी येवल्याची पैठणी, जावयाला सफारी आणि लग्नात पाचशे पानांची वरण-बट्टी माझ्याकडून फुकट, यावर मी सुटले. खोटं बोलणं स्वस्त पडतं असं कोण म्हणतं?

२० मार्च

खरेदीखत झालं. आज गाळा माझ्या नावावर, मोहिनी राजेंद्र, सगळी अक्षरं नीट आहेत, मी चारदा वाचलं.

सकाळी लोटनभाऊ जीप घेऊन न्यायला आले. मी हात मोकळे ठेवून निघाले, कारण पाटल्या गेल्यात ना! त्यांनी हाताकडे बघितलं आणि हसले. म्हणाले, "ताई, मी बैलना दात देखीसन वय सांगस. पाटल्या कोठे शेत?" सौदा झाला होता, मन आनंदात होतं, आणि तो माणूस असा विचारतो की सांगावंसंच वाटतं. गव्हात किडे निघाले म्हणून काल त्या काळ्या मसाल्याच्या बरणीत हलवल्या, हे सांगून टाकलं. पण या वेळी मी कच्ची नाही. शपथ घातली, तिकडे बोलायचं नाही. त्यांनी मान हलवली. आता बोलून त्यांना फायदाही काय? दलाली दोन्हीकडून ठरलेली.

ऑफिसात रांग लांब होती. बायका एका बाकावर, पुरुष दुसऱ्या. लोटनभाऊ दोन्ही बाकांवर. सह्या झाल्यावर जसोदाबेनने पिशवीतून हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. म्हणाली, "सवाशिनना हात मोकळा बरा नही दिखत," आणि तिथेच, सगळ्यांसमोर, माझे हात दाबून दाबून बांगड्या भरल्या. भरताना तिचे ओठ थरथरत होते. मला वाटलं, ही रडणार. मी खाली बघितलं. सांगून टाकावं असं वाटलं, पण समोर साहेब होते.

१२ एप्रिल

रंग झाला, भट्टी झाली, फलकावर 'जय खान्देश वरण-बट्टी' लिहून झालं. पाटल्या बरणीतच. विसरवाडीत घालायची सोय नाही. कुणी पाहिलं तर सुरतला फोन जाईल. धानोऱ्यात घातल्या तर कोकिळाताईला कळेल. घट वाचवण्यासाठी एवढा उपद्व्याप केला आणि सोनं खाऊन बसलाय मसाला.

उद्घाटनाला जसोदाबेन येणार. तिला खरं सांगायचं ठरवलंय. तिने उठून जायचं ठरवलं तर ताट अर्धं टाकून जाईल, आणि ते मला आयुष्यभर दिसत राहील. तरी सांगणार.

आखाजी

लिहायला वेळ नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हॉटेल सुरू झालं. दुपारपर्यंत बट्ट्या संपल्या, परत पीठ मळलं. मगनकाका आणि जसोदाबेन सुरतहून आले, लोटनभाऊ प्रकाशाहून. जसोदाबेनला मी आतल्या खोलीत वेगळं पान मांडलं, बट्टी कुस्करून दिली, वर तूप ओतलं, आणि डोळे मिटून म्हटलं, "बेन, एक गोठ सांगनी शे. त्या पाटल्या…"

ती वरण ओतून घेत म्हणाली, "बरनीमाइन काढ्यात का नही आखो? सोनाले मसालाना वास लागी जाई."

मी तुपाची वाटी धरून उभीच.

लोटनभाऊंनी सांगितलं होतं. त्याच दिवशी, रांगेत असताना, बांगड्या भरायच्या आधी!

"मंग बांगड्या कसाले भऱ्यात?"

"तुन्हं तोंड देखाले," ती म्हणाली, आणि इतकी हसली की वरण नाकात गेलं. म्हणजे ओठ थरथरत होते ते हे! मगनकाका तर घरी जाऊन हसता हसता खोकून बेजार झाले म्हणे. मी रडायच्या तयारीत होते, पण हसूच आलं. मग दोघींनी एकमेकींच्या पाठीवर थापा मारल्या.

मी म्हटलं, "तुम्हले राग नही उना? तीन लाख गयात तुम्हना."

"कसाना तीन?" ती म्हणाली. "आम्हनं तर सोळालेच देवानं ठरेल व्हतं. पोरगा सुरतथीन रोज बोंबली ऱ्हायंता. लोटनले पहिला दिनलेच सांगेल व्हतं."

सोळा!

लोटनभाऊ बाहेर कडुनिंबाखाली बसून तिसऱ्यांदा वरण घेत होते. मी पळी हातात घेऊनच गेले. "सोळा तुले माहीत व्हतं?"

"माहीत व्हतं ना."

"मंग मले काबरं नही सांगं?"

त्यांनी घास खाली ठेवला. खरंच आश्चर्य वाटलं त्यांना. "तू इचारं कवय?"

मी पळी खाली घेतली. नाहीच विचारलं. अठरा सांगितलं, वीस सांगितलं, पाटल्या, कोठी, बरणी, आई, सगळं स्वतःहून ओतलं. त्या बाजूला काय चाललंय हे एकदाही विचारलं नाही. भाऊ भेटला म्हटल्यावर बहीण बोलतच सुटते. मगनकाकांनी विचारलं, त्यांना सगळं कळलं. मी फक्त प्रेम केलं. बावळट मी, पण एवढी बावळट मी फक्त माहेरच्या माणसाजवळच होते, असं म्हणून समजूत घातली.

जेवण झाल्यावर त्यांनी ताटाचे पैसे पूर्ण मोजून गल्ल्यावर ठेवले. मी नको म्हटलं तर म्हणाले, "धंदामा भाऊ-बहीन नही." मग जीपमधून एक पुडकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. उघडलं तर जांभळ्या काठाची साडी, घडीवर हळद-कुंकू.

मी हात मागे घेतला. म्हटलं, "ही कोना बाजूनी? मगनकाकाना बाजूनी का?"

"प्रकाशानी," लोटनभाऊ म्हणाले. "आखाजी शे. माहेरनी साडी नको का तुले? हिनावर दलाली नही."

मी साडी घेतली. आत जाऊन थोडी रडले आणि लगेच बाहेर आले, कारण दोन ट्रक थांबले होते आणि हे त्यांना बट्टी अजून कच्ची आहे असं सांगत होते.